कपाशीवरचा तुडतुडा राहतो कुठे, जातो कुठे?

गेल्या दोन महिन्यांत कपाशीवरील तुडतुड्यांविषयी इतकी पत्रे आली की, या वेळचे संपूर्ण सदर त्या एकाच किड्यासाठी राखून ठेवले आहे. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आमची सहा एकर कोरडवाहू कपाशी आहे. दरवर्षी ऑगस्ट महिन्यात पानांच्या कडा पिवळ्या पडतात, पाने मुरडतात आणि सप्टेंबरमध्ये लाल होतात. याला कोणी लाल्या म्हणते, कोणी तुडतुडे. पऱ्हाटी उपटल्यावर शेत पावसाळ्यापर्यंत मोकळे असते, तरी पुढच्या हंगामात तुडतुडे हजर होतात. मधल्या काळात हा किडा असतो कुठे? तो जमिनीत अंडी घालतो का? (यवतमाळ जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : तुडतुडा जमिनीत अंडी घालत नाही आणि मातीत दडूनही बसत नाही. आपल्या कपाशीवरील हिरव्या तुडतुड्याचे शास्त्रीय नाव अम्रास्का बिगुट्टुला असे आहे. लॅटिनमध्ये ‘बिगुट्टुला’ म्हणजे दोन लहान थेंब असलेला, आणि पूर्ण वाढलेल्या तुडतुड्याच्या दोन्ही पंखांवर टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो. मादी आपली अंडी पानाच्या शिरेत किंवा कोवळ्या देठात, सालीच्या आत एकेक करून खुपसते, त्यामुळे ती बाहेरून मुळीच दिसत नाहीत. साधारण आठवडाभराने पिल्ले बाहेर येतात, पाच अवस्थांतून वाढत जातात आणि शेवटची कात टाकली की त्यांना पंख फुटतात. सुरवंटासारखी कोषावस्था या किड्याला नसते. हवामान अनुकूल असले तर हा सारा प्रवास दोन ते चार आठवड्यांत पुरा होतो.

सुप्तावस्थेत जाऊन उन्हाळा काढण्याची सोय या किड्याकडे नाही, म्हणून वर्षाचे बाराही महिने त्याला कुठे ना कुठे हिरवे पान लागते. कपाशी संपली की तो ओलिताच्या भेंडीवर आणि वांग्यावर जातो. काही ठिकाणी सूर्यफुलावर आणि बटाट्यावरही तो आढळतो. भेंडी तर कपाशीच्याच कुळातील आहे. बांधावरची पेटारी, ओढ्याकाठची रानभेंडी, अंगणातली जास्वंद ही सारी त्याच कुळातील झाडे उन्हाळ्यात त्याला आधार देतात. आणि ज्या गावात फरदड ठेवली जाते, तिथे त्याला कुठे जाण्याची गरजच पडत नाही. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी पुढे चालू ठेवली की गुलाबी बोंडअळीची सोय होते, हे आता सर्वांना माहीत झाले आहे. तुडतुड्याचीही तशीच सोय होते, याचा उल्लेख मात्र फारसा होत नाही. आपले शेत मोकळे असले तरी शिवारातील एखाद्या विहिरीखालची पाव एकर भेंडी त्या चार-पाच महिन्यांत त्याला पुरते. जुलैमध्ये आपली कपाशी महिनाभराची झाली की पंख असलेले प्रौढ तिथून उडून येतात.

लाल्या की तुडतुडे, हा प्रश्न फवारणीपूर्वी सोडवलाच पाहिजे, कारण लाल्यावर कीटकनाशकाचा काहीही उपयोग नाही. लाल्या ही प्रामुख्याने अन्नद्रव्यांची, विशेषतः मॅग्नेशियमची, कमतरता आणि रात्रीचे घटते तापमान यांतून येणारी विकृती आहे. ती सहसा बोंडे भरण्याच्या सुमारास दिसते आणि पान लाल झाले तरी बहुधा सपाट राहते. तुडतुड्यांमुळे पान आधी कडेने पिवळे पडते, कडा खालच्या बाजूला वळून पान उलट्या द्रोणासारखे दिसू लागते आणि त्यानंतर लाली कडेकडून आत सरकते. रस शोषताना तुडतुडा जी लाळ पानात सोडतो, तिच्यामुळे पानातील रसवाहिन्या बिघडतात. नुसता रस कमी झाल्यामुळे एवढे नुकसान होत नाही.

खात्री करायची असेल तर सकाळी आठच्या आत शेतात जावे, मधल्या थरातील एक पान देठापासून न तोडता अलगद उलटे करावे आणि दहापट भिंगातून मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंना पाहावे. फिकट हिरवी, जवळजवळ पारदर्शक पिल्ले शिरेला चिकटून बसलेली दिसतील. बोट जवळ नेले की ती सरळ पुढे न पळता खेकड्यासारखी तिरकी चालतात आणि पानाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन लपतात. ही तिरकी चाल मावा किंवा फुलकिडे यांच्यात नसते. सरासरी पानामागे दोन ते तीन पिल्ले आढळली आणि पानांच्या कडाही मुरडू लागल्या असतील, तरच उपाय करण्याची पातळी आली असे धरतात. एखादे पान पाहून नव्हे, शेताच्या वेगवेगळ्या भागांतील किमान वीस झाडे पाहून ही सरासरी काढावी.

भिंगातून पाहताना आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे पानाची लव. ज्या वाणाच्या पानामागे, विशेषतः शिरांवर, लांब आणि दाट केस असतात, तिथे मादीला अंडी खुपसणे जड जाते आणि पिल्लांची सोंडही पानापर्यंत नीट पोहोचत नाही. हे ज्ञान जुने आहे. दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन येथे १९२० च्या दशकापासून कपाशीचे संशोधक पार्नेल यांनी लवदार कपाशीची निवड केली आणि तुडतुड्यांनी बुडत चाललेले तिथले पीक पुन्हा उभे राहिले. तिथला तुडतुडा वेगळ्या जातीचा असला तरी तत्त्व तेच आहे. अर्थात फार लवदार पानावर पांढरी माशी जास्त रमते, त्यामुळे वाण निवडताना हा तोल सांभाळावा लागतो.

आपल्याकडची देशी कपाशी तुडतुड्याला बरीच पुरून उरते. देश स्वतंत्र झाला तेव्हा बहुतेक क्षेत्र देशी कपाशीखाली होते. पुढे लांब धाग्यासाठी अमेरिकन कपाशी वाढत गेली, १९७० मध्ये सुरत येथून जगातील पहिला व्यापारी संकरित वाण एच-४ आला आणि २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीचे प्रथिन बोंडअळीसाठी आहे. रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे ज्या तुडतुड्याला पूर्वी तुरळक रसाळ झाडे शोधावी लागत, त्याच्यासमोर आपण क्षितिजापर्यंत एकाच प्रकारचे, युरियाने हिरवेगार झालेले कोवळे पान पसरून ठेवले आहे. तो जास्त झाला, असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर त्याचे घर आपण वाढवलेले असते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत अटलांटाजवळ राहते. भारतातला कपाशीचा किडा जॉर्जियात आल्याची बातमी तिने तिथल्या वृत्तपत्रात वाचली. आपला तुडतुडाच का हा? इतक्या लांब तो गेला कसा? (जळगाव येथील एक वाचक)

उत्तर : होय, तोच. ‘भारतातला’ या शब्दाबाबत मात्र थोडी दुरुस्ती करायला हवी. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन जपानी अभ्यासक इशिदा यांनी, तेव्हा फॉर्मोसा म्हटल्या जाणाऱ्या तैवानमधील नमुन्यांवरून, गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला केले. त्यानंतर १९१८ मध्ये ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी भारतातील नमुन्यांना ‘डेव्हास्टन्स’, म्हणजे उद्ध्वस्त करणारा, असे वेगळे नाव दिले. पुढे दोन्ही एकच असल्याचे ठरले आणि आधीचे नाव कायम झाले. आपल्या जुन्या कृषी पुस्तकांत ‘डेव्हास्टन्स’ हेच नाव सापडते, त्यामुळे आपल्याकडे दोन वेगळे किडे आहेत असा गैरसमज आजही होतो. पाकिस्तान, भारत, बांगलादेश, आग्नेय आशिया, चीनचा दक्षिण भाग, तैवान आणि जपान असा त्याचा पूर्वापार मुलूख आहे. एवढ्या मोठ्या पट्ट्यात त्याला एकट्या भारताचा म्हणणे बरोबर होणार नाही.

आशियाबाहेरचा त्याचा विस्तार अलीकडचा आणि वेगवान आहे. पश्चिम आफ्रिकेतील कोत दिव्हार, बुर्किना फासो, माली, बेनिन, टोगो या देशांत २०२२ च्या हंगामात त्याने कपाशीचे अतोनात नुकसान केले. त्या भागातील लाखो लहान शेतकऱ्यांचे रोख उत्पन्न कपाशीवरच अवलंबून आहे. पानाची लव, फरदड, ओलिताची भेंडी यांविषयीचा आपल्या शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. विदर्भातल्या शेतकऱ्याला त्यांचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. २०२३ मध्ये तो कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको बेटावर सापडला, २०२४ च्या अखेरीस फ्लोरिडात दिसला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात जॉर्जिया, साउथ कॅरोलिना, अलाबामा येथील कपाशीवर त्याची नोंद झाली. आपल्या मुलीने वाचलेली बातमी याच प्रसाराची असावी.

तीन मिलिमीटरचा हा किडा समुद्र ओलांडून उडत जाईल, हे संभवत नाही. शेतातून शेतात, फार तर वाऱ्यावर काही मैल, एवढी त्याची धाव. लांबचा प्रवास त्याला जिवंत रोपांतून घडतो. अंडी शिरेच्या आत असल्यामुळे रोप वरून स्वच्छ दिसते, तपासणाऱ्याला काही सापडत नाही आणि रोप नव्या गावी पोहोचल्यावर आठवड्याने त्यातून पिल्ले निघतात. अमेरिकेत तो रोपवाटिकांतील शोभेच्या जास्वंदीवरही आढळला आहे. परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांना इथून जास्वंदीची फांदी किंवा वांग्याचे रोप न्यावेसे वाटते, आणि त्यामागची माया मी समजू शकतो. पण परवान्याशिवाय एकही हिरवी काडी सामानातून नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उलट दिशेनेही हेच लागू आहे.

प्रश्न : हापूसच्या मोहोरावर तुडतुडे येतात आणि भातकापणीच्या सुमारास दिव्यावर हिरव्या किड्यांची झुंबड उडते. हे सगळे एकच का? (रत्नागिरी जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : नाही. ‘तुडतुडा’ हे एका जातीचे नाव नसून संपूर्ण कुळाचे आहे आणि या कुळात जगभर सुमारे वीस हजार जातींची नोंद झाली आहे. मराठीत तुडतुडीत म्हातारा म्हणताना जो चपळपणा आपल्या मनात असतो, तोच या नावात आहे. आंब्यावर प्रामुख्याने अम्रिटोडस ॲटकिन्सोनी आणि इडिओस्कोपस वंशातील दोन जाती असतात. त्यांचा आकार पाचरीसारखा, रंग करडा-तपकिरी असतो आणि मोहोर नसताना ते खोडाच्या सालीच्या भेगांत दडून राहतात. त्यांच्या गोड, चिकट विष्ठेवर काजळी वाढते. कपाशीचा तुडतुडा आंब्यावर जगत नाही आणि आंब्याचा कपाशीवर जगत नाही. दिव्यावर येणारे हिरवे किडे बहुतकरून भातावरील नेफोटेटिक्स वंशाचे असतात. बंगालमध्ये ते कालीपूजेच्या दिवसांत येतात, म्हणून तिथे त्यांना श्यामापोका म्हणतात.

प्रश्न : मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकते. वर्गात संवर्धनाविषयी चर्चा चालू असताना मी विचारले की, तुडतुड्यासारख्या सर्वत्र आढळणाऱ्या किड्याच्या संवर्धनाचा विचार करायचा का? सगळे हसले. माझा प्रश्न चुकीचा होता का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपला प्रश्न योग्य होता आणि तो विचारल्याबद्दल मी आपले मनापासून अभिनंदन करतो.

अम्रास्का बिगुट्टुला या जातीला संरक्षणाची गरज नाही, हे उघड आहे. जिचा मुलूख दर हंगामाला वाढतो आहे, जी कपाशी, भेंडी, वांगे अशा माणसाने स्वतः राखलेल्या पिकांवर जगते आणि जिची नवी पिढी महिन्याच्या आत तयार होते, तिच्या नष्ट होण्याची चिंता कोणी करू नये. परंतु तिच्याभोवती जे जगते, ते तिच्याइतके चिवट नाही. तुडतुड्याच्या अंड्यात अंडी घालणाऱ्या मायमॅरिडी कुळातील गांधीलमाश्या एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. शिरेत लपवलेले जे अंडे आपल्याला भिंगातूनही सापडत नाही, ते त्यांना नेमके सापडते. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकिडीच्या अळ्या, ढालकिडे आणि पानापानांवर ठाण मांडून बसलेले कोळी पिल्लांचा फडशा पाडतात. पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत विषारी फवारा मारला की हे सारे आधी मरतात, आणि तुडतुडा तीन आठवड्यांत पुन्हा उभा राहतो. बियाण्याला लावून येणाऱ्या निओनिकोटिनॉइड औषधांनाही तो आता अनेक भागांत पूर्वीसारखा दाद देत नाही. अशा वेळी मात्रा वाढवणे, दोन-तीन औषधे एकत्र करणे असे प्रकार सुरू होतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घटनेची कारणे एकाहून अधिक होती. पण माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या दाट कपाशीत उभे राहून पुन्हापुन्हा फवारावे लागते, हे त्यांतले एक मोठे कारण होते. म्हणून परोपजीवी गांधीलमाश्यांचे संवर्धन हा विषय मला माणसांच्या जिवापासून वेगळा काढता येत नाही.

बांधाविषयी माझे मत काही कृषी सल्लागारांपेक्षा वेगळे आहे. पेटारी, रानभेंडी यांवर तुडतुडा उन्हाळा काढतो म्हणून बांध जाळून साफ करावा, असे सुचवले जाते. मला ते पटत नाही. त्या झाडांवर तुडतुडे थोडे असतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शत्रूही तग धरून असतात. पाऊस पडल्यावर दोघेही एकाच वाटेने कपाशीत उतरतात. हटवायची असेल तर फरदड हटवावी. बांधाला हात लावू नये, उलट कडेने चवळी आणि मका पेरावा, म्हणजे चवळीवरच्या माव्यावर ढालकिडे आधीच येऊन थांबतात. अगदी गरज पडली तर सुरुवातीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवावे.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळतो, कारण वर्गातल्या कोणाला तो सुचला नसावा. वीस हजार जातींपैकी पिकांना त्रास देणाऱ्या जाती थोड्याच आहेत. उरलेल्यांपैकी पुष्कळशा एखाद्याच गवतावर, एखाद्याच झुडपावर जगतात आणि ती वनस्पती गेली की त्याही जातात. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी गवताळ प्रदेशात तांबड्या शेपटीचा एक तुडतुडा आहे, अफ्लेक्सिया रुब्रानुरा. तो एकाच जातीच्या गवतावर वाढतो आणि त्यातील बहुतेक प्रौढांचे पंख इतके आखूड असतात की, त्यांना लांब उडता येत नाही. प्रेअरी नांगरली गेली आणि त्या गवताचे तुकडे उरले, तसा हा किडाही तुकड्यातुकड्यांत अडकला. इलिनॉय राज्याने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले आहे आणि कॅनडातही त्याच्याविषयी चिंता व्यक्त झाली आहे. एकाच कुळातील एक जात समुद्रापार पसरते आणि दुसरी नांगरलेला पट्टा ओलांडू शकत नाही. फरक कुळाचा नाही, घराचा आहे.

आपल्या महाराष्ट्रातील माळरानांना सरकारी कागदपत्रांत कित्येकदा पडीक म्हटले गेले. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळ माळढोकाच्या नावाने थोडे राखले गेले; माळढोकाच्या नावाखाली त्या गवतातील तुडतुडे, नाकतोडे, कोळी हेही राखले गेले, ही त्या संरक्षणाची न सांगितलेली बाजू आहे. गवतावरच्या तुडतुड्यांच्या बहुसंख्य जातींचे संवर्धनाच्या दृष्टीने मूल्यमापनच झालेले नाही. ज्या माळावर खड्डे खणून झाडे लावली जातात किंवा सौर पट्ट्या उभ्या राहतात, तिथे काय होते याची आधी कोणी मोजदादही केलेली नसते.

या किड्यांकडे हसून पाहणाऱ्यांना आपण दोन गोष्टी सांगू शकता. कात टाकल्यावर तुडतुडा शरीरातून एक दुधट थेंब बाहेर सोडतो आणि मागच्या पायांवरील काट्यांच्या फणीने, आपण अंगाला उटणे लावावे तसा, तो सर्वांगाला आणि पंखांना चोळतो. त्या थेंबात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, पोकळ, जाळीदार गोळे असतात. त्यांना ब्रोकोसोम म्हणतात. त्यांच्यामुळे पाणी आणि स्वतःची चिकट विष्ठा तुडतुड्याच्या अंगाला चिकटत नाही. असे कण बनवणारे दुसरे कीटककुळ ज्ञात नाही. दुसरी गोष्ट अशी की, नर आणि मादी एकमेकांना झाडाच्या देठातून कंपने पाठवून साद घालतात. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही. कपाशीच्याच तुडतुड्यावर भारतीय संशोधकांनी १९८० च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की, बाहेरचा आवाज झाडात उतरला तर ही साद तुटते आणि मीलन होत नाही.

आपल्याला काम करायचे असेल तर पुण्याच्या आसपासचा गवताचा एखादा तुकडा निवडावा आणि जुलै ते नोव्हेंबर दर पंधरवड्याला, दव वाळल्यानंतर, कापडी जाळीचे ठरावीक फेरे मारून तुडतुडे गोळा करावेत. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये नमुना ठेवावा आणि कुपीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घालावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये पसरते. ठिकाण आणि तारीख सगळेच लिहितात. किडा कोणत्या गवतावर होता, ते बहुधा राहून जाते, आणि तुडतुड्याच्या बाबतीत तीच नोंद सर्वांत मोलाची असते. गवताचे नाव ठाऊक नसेल तर त्याची फुलोऱ्यासह काडी वाळवून, त्याच क्रमांकाने कुपीबरोबर ठेवावी.